"ह्यात सोनं किती हाय?" : स्टीलच्या महागड्या घड्याळांची घडणावळ

मे महिन्यात विट्याला घरचं लग्न होतं, गलाईवाले (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे) सगळे सुट्ट्या काढून आलेले, कोण कोइमतूरवरनं, कोण कानपूरवरनं, आणि जेवणं उरकल्यावर मांडवातच खुर्च्या जवळ ओढून बसलेलो असताना एका पाहुण्याच्या पोराने मोबाईलवर एका घड्याळाचा फोटो दाखवला. स्टीलचं घड्याळ, आठ कोनांचं, निळी डायल. पोराने किंमत सांगितली, लाखांच्या पुढचीच गोष्ट होती, तेव्हा आमचे तात्या (माझे चुलते, चाळीस वर्षं मूस आणि तेजाबात गेलेली) म्हणाले, "ह्यात सोनं किती हाय?" पोरगं म्हणालं काहीच नाही, स्टील आहे. "मग हिरं?" तेही नाही. "मग पैसं कशाचं?"

तिथे कुणालाच नीट सांगता आलं नाही. मी कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये आहे, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील रोज कापतो, घड्याळांचा नाद शाळेपासूनचा, म्हणजे उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं आणि होतंही, पण मांडवात स्पीकर चालू असताना ते दोन मिनिटांत होणारं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय, तात्यांना वाचून दाखवता येईल असं.

सोनाराचं बिल डोळ्यासमोर आणा. त्यात वजनाचे पैसे वेगळे आणि घडणावळ वेगळी. सांगलीत हे कुणाला समजवायला नको, गाडगीळांची पेढी इथे १८३२ पासूनची, आमच्या आज्ज्यासुद्धा बिलात घडणावळ किती लावली ते आधी बघायच्या. साध्या वळ्याला घडणावळ कमी, नक्षीच्या तोड्याला जास्त. आता असा दागिना धरा की ज्यात धातूचे पैसे जवळपास नाहीतच आणि अख्खं बिल घडणावळीचं. ही स्टीलची घड्याळं म्हणजे तेच. (अख्खं म्हणालो खरं, पण त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, ती पुढे येईल.)

पण घडणावळ स्टीलवर का खर्च करायची, सोन्यावर का नाही, हा प्रश्न राहतोच, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी स्टीलचं घड्याळ म्हणजे कामाचं घड्याळ. रोलेक्सने पाणी आत न जाणारी ऑयस्टर केस (केस म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) १९२६ ला आणली, १९५३ ला समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी सबमरिनर आणलं, ही सगळी राबायची घड्याळं, ठेच लागली तरी चालेल अशी. साहेबाचं, पार्टीला घालायचं घड्याळ मात्र सोन्याचं, पातळ आणि चामड्याच्या पट्ट्याचं. आपल्याकडे पण तोच हिशोब होता. एचएमटीने १९६१ ला जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली, आमच्या वडिलांचं जनता नावाचं घड्याळ त्यातलंच, रोज सकाळी चावी द्यायची आणि कामावर जायचं. सोनेरी घड्याळ फक्त लग्नातल्या नवऱ्याच्या हातात. म्हणजे धातू बघितला की माणसाचं काम कळायचं.

हे सगळं हललं ते क्वार्ट्झमुळे. १९६९ च्या नाताळाच्या दिवशी टोकियोत सायकोने अ‍ॅस्ट्रॉन नावाचं घड्याळ विकायला काढलं, जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकाचा छोटा तुकडा, त्याला बॅटरीची वीज दिली की तो थरथरतो. आज आपल्या हातातल्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, हा आकडा उगाच नाही, त्याचे निम्मे निम्मे करत पंधरा वेळा गेलं की बरोबर एक उरतो, म्हणजे सर्किटला नुसतं अर्धं करत जायचं आणि सेकंदाला एक टिक मिळते, इतकं सोपं. स्प्रिंग आणि चाकांचं घड्याळ सेकंदाला पाच-सहा-आठ ठोके देतं, ते अचूकतेत ह्याच्या जवळपास येऊ शकत नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये कितीतरी कारखाने बंद पडले, हजारो कारागीर घरी बसले.

आता ते कारागीर कोण होते ते सांगतो, कारण विट्या-आटपाडीच्या माणसाला हे लगेच पोचेल. स्वित्झर्लंडमध्ये व्हॅले द जू नावाचं खोरं आहे, उंचावर, हिवाळ्यात कित्येक महिने बर्फ. शेती बंद. मग शेतकरी घरात बसून घड्याळाचे बारीक पार्ट बनवायला शिकले, पिढ्यान् पिढ्या तेच, आणि त्यातनं अख्खं खोरं घड्याळांचं झालं. आमच्याकडे पाऊस नाही म्हणून माणसं गलाई शिकली आणि देशभर गेली, तिकडे बर्फ जास्त म्हणून घड्याळ शिकली आणि जागेवर राहिली. ऑडेमार्स पिगे ही कंपनी त्याच खोऱ्यातल्या ल ब्रासू गावातली, १८७५ ची. पोराच्या फोटोतलं घड्याळ त्यांचंच, रॉयल ओक.

त्या कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज गोले. त्यांना इटलीच्या बाजारातनं कळलं होतं की आजवर कुणी केलं नाही असं स्टीलचं घड्याळ हवंय, जे कामावर पण चालेल आणि संध्याकाळी सुटावर पण. त्यांनी दुपारी चारच्या सुमाराला एका डिझायनरला फोन केला आणि सांगितलं की उद्या सकाळी चित्र पाहिजे. तो डिझायनर म्हणजे जेराल्ड जेंटा, जिनिव्हाचा, १९३१ चा जन्म, मूळ शिक्षण सोनारकामाचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, स्टीलला मान मिळवून देणारा माणूस मुळात सोनार होता! सकाळपर्यंत चित्र तयार होतं असं तो स्वतः सांगायचा, आणि त्याच्या डोक्यात होता पाणबुड्यांचा जुना धातूचा टोप, मानेभोवती बोल्टने आवळलेला. लहानपणी त्याने तो टोप चढवताना बघितला होता.

१९७२ ला बासेलच्या प्रदर्शनात ते घड्याळ मांडलं. ३९ मिलिमीटर, त्या काळात राक्षसी वाटायचं म्हणून त्याला जम्बो नाव पडलं, किंमत तीन हजार स्विस फ्रँकच्या वर, म्हणजे सोन्याच्या चांगल्या घड्याळाच्या बरोबरीची, आणि धातू स्टील. लोकांना पटलं नाही लगेच, विक्री सुरुवातीला हळूच होती. आपल्या किर्लोस्करवाडीच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आठवते ना, त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी हात लावेनात. धातूबद्दल माणसाच्या मनात बसलेलं असतं ते एका दिवसात निघत नाही.

आता ते घड्याळ बघायचं कसं ते सांगतो. वरची आठ कोनांची कडी, तिला बेझल म्हणतात. त्यावर आठ स्क्रू दिसतात. नीट बघितलं तर सगळ्यांच्या खाचा एकाच गोलाच्या रेषेत बसलेल्या दिसतात, एकही वाकडी नाही. मशीन शॉपवाल्याला लगेच प्रश्न पडतो की हे कसं, स्क्रू आवळला की खाच कुठे थांबेल ते आपल्या हातात नसतं. उत्तर असं की ते वरनं फिरवायचे स्क्रू नाहीतच, ते बोल्ट आहेत, डोकं षटकोनी, बेझलमध्ये तसाच षटकोनी खड्डा, त्यात डोकं बसलं की ते फिरूच शकत नाही. आवळतात मागनं. आणि बेझल आणि केस यांच्या मधे काळं रबरी गॅस्केट, ते लपवलेलं नाही, बारीक काळ्या रेषेसारखं बाहेरनं दिसतं. बाकीच्या घड्याळात सांधा लपवतात, इथे सांधा हीच नक्षी. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी रात्री किती तरी वेळ फोटो मोठे करून बघत बसलो होतो.

आणि तात्या, पोरगं चुकलं, त्यात सोनं आहे. ते आठ बोल्ट पांढऱ्या सोन्याचे, डायलवरचे काटे आणि तासांच्या खुणा पण. आत हलणारा रोटर असतो, हात हलला की तो फिरतो आणि स्प्रिंगला चावी बसते, मूळ घड्याळात त्याच्या कडेला २१ कॅरेट सोनं. ते शोभेसाठी नाही, वजनासाठी. पातळ जागेत जड कड पाहिजे तर सोन्यासारखं काही नाही. म्हणजे बाहेर दाखवायला स्टील आणि आत राबायला सोनं, जगाच्या बरोबर उलटं.

डायलवर बारीक चौकोनांची जाळी असते, ती छापलेली नाही, एका जुन्या पद्धतीच्या मशीनवर मोठ्या नमुन्यावरनं उतरवून कोरतात. निळा रंग तर असा की उन्हात एक दिसतो, ट्यूबलाईटखाली दुसरा.

पण खरी गोष्ट पट्ट्याची आहे. साध्या घड्याळाला केसच्या वर-खाली दोन शिंगं असतात, त्यात पिन घालून कुठलाही पट्टा लावता येतो. रॉयल ओकला शिंगं नाहीत. केस जिथे संपते तिथेच पट्टा सुरू होतो, एकच वस्तू वाटावी असा, आणि पुढे प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा किंचित अरुंद होत बकलपर्यंत जाते. म्हणजे एकाच मापाच्या कड्या ढीगभर पाडून ठेवल्या आणि जोडल्या असं चालत नाही, प्रत्येकीची जागा ठरलेली. पहिले पट्टे जिनिव्हाच्या गे फ्रेर या पट्टेवाल्यांनी केले. हातात धरलं की तो पट्टा कापडासारखा खाली पडतो, कडकड करत नाही. सोन्याची मोहनमाळ चांगली का वाईट हे आपल्याकडच्या बायका ती तळहातावर सोडून बघतात ना, कशी पडते ते, तीच परीक्षा.

आता स्टील. इथे मला जरा जास्त बोलू द्या, हे माझं रोजचं काम आहे. लोखंडात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम घातलं की ते स्टेनलेस होतं, कारण क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन वर एक अतिशय पातळ थर धरतं, डोळ्याला न दिसणारा, आणि ओरखडा पडला तरी तो थर आपोआप परत धरतो. घड्याळात बहुतेक जण ३१६एल वापरतात, त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल १० ते १४ आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, जे घामातल्या मिठाला पुरून उरतं. एल म्हणजे कार्बन कमी. रोलेक्स १९८५ पासून ९०४एल वापरायला लागलं, ते आम्लाला आणखी दाद देत नाही. पण हा धातू कापायला हट्टी. टूलने नीट कापलं नाही, नुसतं घासलं, की वरचा थर तिथल्या तिथे कडक होतो आणि पुढच्या फेरीला टूलचं टोक जातं. उष्णता पण वाहून नेत नाही, सगळी टोकावरच साठते. आमच्याकडे फ्लँज, फिटिंग असली कामं असतात, त्यात पॉइंट शून्य पाच मिलिमीटर इकडे तिकडे चालून जातं. घड्याळाच्या केसला ते चालत नाही. रॉयल ओकचे पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात केले होते, कारण नमुन्यापुरतं सोनं घडवणं स्टीलपेक्षा सोपं. हे वाचल्यावर मला तात्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. सोनं महाग आणि मऊ, स्टील स्वस्त आणि कडक, आणि घडवणाऱ्याचे हात कडक धातू जास्त खातो.

आणि कापणं ही फक्त सुरुवात. बेझलचा वरचा भाग ब्रश केलेला असतो, म्हणजे एकाच दिशेच्या बारीक सरळ रेषा, आणि त्याच्या कडेचा तिरका उतार आरशासारखा पॉलिश. दोन्ही भेटतात तिथे एक धारदार रेषा. बफिंग (फिरत्या कापडी चाकावर धरून चकाकी आणणं) ज्याने केलंय त्याला विचारा, बफला धार कळत नाही, तो सगळं गोल करतो. ब्रशचा भाग राखून उतार पॉलिश करायचा आणि मधली रेषा बोथट होऊ द्यायची नाही, एका सेकंदाचा दाब जास्त झाला की केस गेली, परत पहिल्यापासून. मग पट्ट्याच्या प्रत्येक कडीवर तेच. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत कधी गेला असाल तर जवारी (तारेचा झंकार) काढताना बघितलं असेल, घोडीचा माथा कानसने एवढासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. सामान काय तर हाडाचा तुकडा. पैसे त्या ऐकण्याचे. इथे कानाच्या जागी डोळा आहे, एवढाच फरक.

म्हणूनच कुणाकडे असं घड्याळ असेल तर ओरखडे पडले म्हणून ऊठसूट पॉलिशला देऊ नका. प्रत्येक पॉलिशला धातू जातो, ती धार गेली की घडणावळच गेली. ओरखडे राहू द्यात, ते घालणाऱ्याचे आहेत.

आतल्या मशीनबद्दल थोडक्यात. १९७२ पासून २०२२ पर्यंत जम्बोत होतं ते कॅलिबर २१२१, जाडी ३.०५ मिलिमीटर, रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर साधारण तेवढी, आणि त्यात ऑटोमॅटिक चावी पण आणि तारीख पण. मूळ रचना जेजर-लकूल्त्रची, त्याच खोऱ्यातली कंपनी, पण गंमत म्हणजे त्यांनी स्वतःच्या घड्याळात ती वापरली नाही, दुसऱ्यांना दिली. पुढे पटेक फिलिप आणि व्हॅशरॉन कॉन्स्टंटिन यांच्या स्टीलच्या घड्याळांतही हीच रचना होती. तीन मोठी घराणी, तीन वेगळे चेहरे, पोटात एकच बीज.

त्यातलं पटेकचं म्हणजे नॉटिलस, १९७६, तेही जेंटाचंच. बासेलच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलात जेवताना पलीकडे पटेकची माणसं बसलेली दिसली आणि त्याने पाच मिनिटांत कागदावर काढलं असं तो सांगायचा. जहाजाच्या गोल खिडकीवरनं घेतलेलं, म्हणून दोन्ही बाजूंना बिजागरीसारखे कान. कोन आठच, पण सगळे मऊ केलेले, डायलवर आडव्या पट्ट्या. पटेकने जाहिरातच केली की जगातल्या सगळ्यात महाग घड्याळांपैकी एक स्टीलचं आहे. माझं वैयक्तिक मत, रॉयल ओक जास्त शूर आहे आणि नॉटिलस जास्त शांत, रोज घालायला दिलं तर मी नॉटिलस घेईन आणि बघत बसायला रॉयल ओक. व्हॅशरॉनने १९७७ ला आपल्या २२२ व्या वर्षी २२२ नावाचंच काढलं, ते यॉर्ग हायसेक या तरुण डिझायनरचं, लोक ते पण जेंटाच्या नावावर टाकतात, तसं नाहीये. जेंटाने आयडब्ल्यूसी या कंपनीसाठी पण १९७६ ला इंजेनिअर एसएल केलं, चुंबकापासून वाचवणारं, आणि जिरार-पेरेगोचं लॉरेटो त्याच्या आदल्या वर्षीचं, तेही क्वार्ट्झवर चालणारं.

आता ती मिसळलेली गोष्ट. आजची किंमत फक्त घडणावळीची नाही, टंचाईची पण आहे. कंपन्या वर्षाला मोजकीच घड्याळं बनवतात, दुकानात नाव लावून थांबायचं, कधी मिळेल सांगत नाहीत, आणि मिळालेलं घड्याळ माणूस दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकू शकतो. नॉटिलसचं ५७११ मॉडेल २००६ ला आलं आणि २०२१ ला बंद करतो म्हणून जाहीर केलं, त्या वर्षाच्या शेवटी आकाशी डायलची फक्त १७० काढली, त्यातलं एक लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं, पैसे धर्मादायला. त्या घड्याळाचं पॉलिश, कड्या, मशीन, सगळं आदल्या वर्षीच्या ५७११ सारखंच होतं, फरक रंगाचा आणि आकड्याचा. ह्या पैशाला मी घडणावळ म्हणणार नाही. तात्यांच्या भाषेत सांगायचं तर हा टंच (सोन्याची शुद्धता) नाही, हा भाव आहे, आणि भाव वर जातो तसा खाली येतो. जो गुंतवणूक म्हणून घेतो त्याने हे लक्षात ठेवावं, कर्ज काढून तर कुणीच घेऊ नये, माझ्या ओळखीत एकाने काढलं होतं आणि वर्षभर घरात ताण होता.

बघायला शिकायचं असेल तर लाखांची गरज नाही. टिसोचं पीआरएक्स आहे, १९७८ च्या त्यांच्याच घड्याळावरनं २०२१ ला परत आणलेलं, केस आणि पट्टा एकसंध असलेलं, क्वार्ट्झमध्ये पण मिळतं आणि ८० तास चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये पण. माझ्या हातात तेच आहे, दोन दिवाळ्यांचा बोनस. कॅसिओचं आठ कोनी प्लास्टिकचं जी-शॉक तर कॉलेजच्या पोरांच्या हातात दिसतं, २०१९ चं, त्याला लोक कॅसिओकच म्हणतात, ती रेषा थेट जेंटाच्या त्या रात्रीपर्यंत जाते. दुकानात गेलात की घड्याळ दिव्याखाली हळू फिरवा, ब्रश आणि पॉलिश भेटतात ती रेषा बघा, पट्टा तळहातावर सोडा, कड्यांमधल्या फटी सारख्या आहेत का बघा. किंमतीची चिठ्ठी शेवटी.

परवा तात्या परत जायच्या आधी सांगलीला आले होते तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं, आणि माझं पीआरएक्स काढून त्यांच्या हातात दिलं. ते खिडकीपाशी गेले, खिशातनं भिंग काढलं, एक कड धरून बराच वेळ उजेडात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ही मशीनची धार हाय. चांगली हाय, पण मशीनची." मी काही बोललो नाही. त्यांनी घड्याळ परत दिलं, चष्मा वर केला आणि त्या पाहुण्याच्या पोराला फोन लावला, म्हणाले, तो फोटो परत पाठव रं, आणि सगळं घड्याळ नको, नुसत्या कडंचा, जितक्या जवळनं असंल तितका.